मामाचे मशालवाले

माझ्या मामाच्या मशालवाल्यांवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, खराडीतल्या एका काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर. वेळ नक्की आहे, कारण मामाने ती भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली होती. मशालवाले म्हणजे ‘धुरकोट’ नावाच्या खेळातले शत्रूचे सगळ्यात साधे शिपाई: अंगावर गोणपाट, हातात एक मशाल, पायात काही नाही. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर खेळायचा हा डावपेचांचा खेळ. त्यात तुम्ही राजा असता, तुमच्याकडे पंखांचे घोडे असतात, वीज पाडणारी चेटकीण असते, आणि समोर काळ्या दरीतून वर चढून येणारा शत्रू असतो. तो शत्रू कधी पुढे येईल, कधी घाबरेल, कुणाला वाचवेल आणि कुठे वळेल, हे सगळं माझा मामा ठरवायचा. शत्रूची बाजू घेण्याबद्दल पंधरा वर्षं पगार मिळवलेला दुसरा माणूस अख्ख्या पुण्यात सापडणार नाही. शत्रूची बाजू घेणारे पुण्यात पुष्कळ आहेत, पण ते ती फुकट घेतात.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून पथारीवाल्यांच्या संघटनेचं काम करते, आणि पत्रकाचा आमच्याकडे एकच धडा आहे: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला आणि केव्हा, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं. मधल्या भागाबद्दल कुणी काही शिकवलेलं नाही. म्हणून मधल्या भागात मी मामा घालते आहे. तो आईचा एकुलता एक भाऊ, आणि माझ्या लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या त्याच्या बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत गेल्या आहेत. त्यामुळे या लेखाकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवू नये.

समोरच्याची बाजू घेण्याचा मामाचा आजार नोकरीच्या आधीपासूनचा. कॅरम खेळताना तुम्ही चुकीची सोंगटी धरलीत की तो स्वतः स्ट्रायकर खाली ठेवून तुम्हाला बरोबर सोंगटी दाखवायचा, आणि मग हरायचा, आणि मग वर तुमची पाठ थोपटायचा. रिक्षावाला ‘नाही’ म्हणाला की मामा म्हणायचा, त्याचं घर उलट्या दिशेला असेल. मामी एकदा लागोपाठ सातव्या नकारानंतर पिशव्या खाली ठेवून म्हणाली, “अहो, सातही जणांचं?” मामाने यावर खरोखर विचार केला आणि सांगितलं की जेवायची वेळ आहे, असू शकतं. त्याच्याबरोबर सिनेमाला जाणं हा तर वेगळा प्रकार होता. नायक गोदामात शिरला, पंधरावीस गुंड एकेक करून त्याच्या अंगावर यायला लागले, की मामा खुर्चीत अस्वस्थ. “हे सगळे एकदम का येत नाहीत?” त्याने मला विचारलं, पण आवाज असा की चार रांगांना ऐकू गेला. पुढच्या खुर्चीवरचे गृहस्थ मान न वळवता म्हणाले, “आपण जाऊन सांगून या ना त्यांना. आम्ही थांबतो.” मामाला हा टोमणा कळलाच नाही. मध्यंतरात त्याने त्या गृहस्थांना गाठलं आणि गुंडांनी गोदामात कसं उभं राहायला हवं होतं ते काउंटरवर पॉपकॉर्न मांडून दाखवलं. उरलेल्या सिनेमाभर ते गृहस्थ दर मारामारीला मागे वळून “आता?” असं विचारत होते.

या मामाने मला रस्ता ओलांडायला शिकवलं ते स्वारगेटच्या चौकात, आणि ते शिकायला आम्हाला एक अख्खी दुपार लागली. कारण मामा ओलांडेचना. माझ्या हातात उसाच्या रसाचा ग्लास, आणि मामा फुटपाथच्या कडेला उभा राहून माणसं मोजतोय. तीन जण जमले, चार जमले, सगळे एकमेकांकडे बघतायत, गाड्या थांबायचं नाव नाही. पाच. सहा. मग कुठून तरी एक सातवा येऊन उभा राहिला, आणि कुणी काही न बोलता ती सगळी माणसं एकदम रस्त्यात उतरली. पुढच्याने हात वर केला आणि अख्खी बस थांबली. “बघ,” मामा म्हणाला, “सातवा आला.” मग आम्ही तेच आणखी कितीतरी वेळा पाहिलं. कधी पाचातच धीर यायचा, कधी नऊ लागायचे, पण मामाने सात धरले. मशालवाल्यांचा पहिला नियम तो. एकटा मशालवाला घोडा दिसला की झाडामागे जातो. तिघे असले तर जागेवर चुळबुळ करतात. सात जमले की मशाली वर होतात आणि ते चालू लागतात, आणि मग पंखांच्या घोड्यालासुद्धा दोन पावलं मागे सरावं लागतं. खेळणाऱ्यांच्या तक्रारी आल्या की एवढ्या भारी घोड्याला हे अनवाणी लोक भारी कसे पडतात. मामा प्रत्येकाला उत्तर द्यायचा: ते भारी नाहीत, सात आहेत. पुढे मी मोर्चे काढायला लागले तेव्हा सातवा माणूस आल्याशिवाय पहिली घोषणा कधी दिली नाही. संघटनेतले लोक याला माझी शिस्त समजतात.

सैन्याचा समतोल ठरवण्याची मामाची पद्धत मात्र ऑफिसात कुणाला दाखवण्यासारखी नव्हती. कुठल्या शिपायाची ताकद किती, चाल किती, कुणाला उभं करायला राजाने किती द्यायचं, हे आकडे बाकीचे लोक कॉम्प्युटरवर हजार लढाया चालवून ठरवतात. मामा ते बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर ठरवायचा. एक फरशी म्हणजे एक घर. राजमा म्हणजे घोडदळ, छोले म्हणजे तिरंदाज, काळे वाटाणे म्हणजे मशालवाले, आणि डब्यातलं एकुलतं एक जायफळ म्हणजे चेटकीण. समोर मामी. मामीला खेळात काडीचा रस नव्हता, म्हणूनच ती मामाला हवी होती. मेथी निवडता निवडता ती एखादा छोला पुढे सरकवायची आणि विचारायची, “माझं जायफळ कुठं उडतं म्हणालात?” नियम असा की मामी एकाच बाजूने लागोपाठ तीनदा हरली, तर चूक मामीची नाही, आकड्यांची. मग मामा वही काढून घोडदळ एका घराने हळू करायचा. मी मे महिनाभर त्या फरशीच्या कडेला बसून मेलेले वाटाणे गोळा करत असे, आणि मामा मला बजावत असे की मेलेले म्हणू नकोस, जखमी म्हण.

एका रविवारी मामा मांडायला बसला तर राजम्याचा डबा रिकामा. मामीने तो आदल्या दिवशीच भिजत घातला होता. तिने कुकरकडे नुसतं बोट दाखवलं. मामा काही वेळ कुकरकडे बघत राहिला आणि म्हणाला, “घोडदळ शिजलं.” मग त्याने ते दोनदा वाढून घेतलं, आणि हात धुतल्यावर तसाच घोड्यांशिवाय डाव मांडला. मामीकडे चाल करून जायला काही उरलंच नव्हतं. तिने आपले सगळे छोले सोफा आणि शोकेसच्या मधल्या एका फरशीच्या बोळात कोंबले आणि मेथीकडे वळली. तो बोळ मामाला संध्याकाळपर्यंत फुटला नाही. ‘धुरकोट’ खेळलेल्या कुणालाही पुलावरची लढाई विचारा. खेळातली सगळ्यात नावाजलेली लेव्हल ती. ती आमच्या मामीच्या सोफ्याशेजारी सापडली आहे, आणि मामीचं नाव खेळाच्या शेवटी येणाऱ्या यादीत नाही. हा दुसरा अन्याय, पण त्यावर वेगळं पत्रक काढू नकोस असं मामीनेच सांगितलंय.

मशालवाले घाबरायला स्वारगेटला शिकले, तसे मागे फिरायला मंडईत शिकले. मंडईच्या बाहेर रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांच्या बैठका मी घ्यायला लागले तेव्हा मामा एका रविवारी मला डबा द्यायला आला आणि तिथेच राहिला. त्याच वेळी अतिक्रमणाची गाडी आली. मी घोषणा देत होते, त्यामुळे मला काही दिसलं नाही. मामाला दिसलं. लिंबं विकणाऱ्या मावशींनी गाडी बघितली आणि स्वतःच्या पाटीला हात लावायच्या आधी शेजारच्या मिरचीवालीचा वजनकाटा उचलला. मिरचीवालीने पलीकडच्या म्हातारीची गाठोडी उचलली. गाडी पोचेपर्यंत फुटपाथवर दोन कोथिंबिरीच्या काड्या. मामा पुढचे चार रविवार तिथे जाऊन उभा राहिला. मावशींनी त्याला पहिल्याच वेळी सांगितलं की साहेब, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतं. म्हणून तो दर वेळी लिंबं घ्यायचा. आमच्या तीन घरांत अजून त्या लिंबांचं लोणचं आहे. चौथ्या रविवारी त्याने धीर करून विचारलं की आधी दुसरीचं का उचलता. मावशींनी त्याच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

“आपलं उचलायला बसलं की आपलंच वाचतं. शेजारणीचं उचललं की सगळ्यांचं वाचतं. माझं कुणीतरी उचलतंच की.”

हे वाक्य मामाने सहाव्या मजल्यावर नेऊन, जसंच्या तसं, शत्रूच्या वागण्यात घातलं. त्या दिवसापासून मशालवाले हरायला लागले की पळत नाहीत. आधी मशाली विझवतात, मग प्रत्येक जण आपल्या शेजारी पडलेल्याला उचलतो आणि सगळे मिळून दरीकडे वळतात. पाठ उघडी असते. राजाला वाटलं तर तो त्यांना तिथेच कापून काढू शकतो, लूटही मिळते. मामाने हे मुद्दाम तसंच ठेवलं. एका खेळणाऱ्याने कंपनीला लिहिलं होतं की काल पुलावर मी जिंकलो होतो, घोडे पुढे घालायचे होते, पण ते एकमेकांना उचलायला लागले आणि मी दोन चाली नुसता बसून राहिलो. मामाने तो निरोप छापून घेतला. तो अजून काळ्या वाटाण्यांच्या डब्यात आहे.

आणि मग तो गुरुवार. कंपनीत नवे प्रमुख आले होते, मामापेक्षा वीस वर्षांनी लहान, अतिशय सभ्य, मामाला ‘सर’ म्हणणारे. त्यांनी आलेख दाखवले. लोक पुलापाशी खेळ सोडून जातात, लढाई लांबते, शेवट मिळत नाही. खेळणाऱ्याला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मामा म्हणाला, “वाटेल. पण कुणाला हरवलं, असं विचारलं तर काय सांगेल तो?” प्रमुखांनी पुढचा आलेख लावला, आणि चार वाजून दहा मिनिटांनी घाबरून झाडामागे जाणं, सातचा नियम आणि शेजारच्याला उचलणं, तिन्ही काढून टाकलं. आता मशालवाले समोरून चालत येतात आणि मरतात. पुलावर तर वळण्याचा नियमच न उरल्यामुळे त्यांतले काही कठड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, घोडा येईपर्यंत. मामाने घरी येऊन चहा घेतला, फरशीवर मांडून ठेवलेला डाव उचलला, आणि राजमा, छोले, वाटाणे निवडून आपापल्या डब्यांत भरले. मामी म्हणते, तिच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्या माणसाने धान्य डब्यात भरलेलं तिने पहिल्यांदा पाहिलं.

मला हे कळल्यावर मी जे येतं ते केलं. ‘मशालवाल्यांना न्याय द्या’ अशा मथळ्याचं पत्रक काढलं, पाचशे प्रती, आणि सोमवारी जेवायच्या सुट्टीत त्या इमारतीच्या फाटकावर उभी राहिले. पत्रकात लिहिलं होतं की वर्षानुवर्षं अनवाणी, गोणपाट नेसून राबणाऱ्या मशालवाल्यांचा माघार घेण्याचा आणि जखमी साथीदाराला उचलण्याचा हक्क एका दुपारी काढून घेण्यात आला. ते एका खेळातले आहेत, हे लिहायचं राहून गेलं. मला ते इतकं उघड होतं की लिहावंसं वाटलंच नाही. तासाभरात दोनशे सह्या झाल्या. सुरक्षारक्षकाने एक प्रत वर नेली. वर कंत्राटी कामगारांची यादी तपासली गेली, तिच्यात मशालवाले निघेनात, तेव्हा विजेची कामं करणाऱ्या एजन्सीला फोन गेला की तुमची माणसं गोणपाट नेसून काम करतात का. झाडूपोछा करणाऱ्या दोन बायका पत्रक वाचून माझ्याकडे आल्या. “यांना पायात काही नाही म्हणे. आम्हाला पण मागच्या पावसाळ्यापासून बूट नाहीत. आमचं घाला की यात.” मी तिथल्या तिथे पेनने घातलं.

मग मामा खाली आला. मला वाटलं, रागावेल. त्याने पत्रक घेतलं, समोरच्या टपरीवर बसला, दोन चहा सांगितले आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. प्रमुखांबद्दल मी लिहिलं होतं की काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या या निर्दय माणसाला जाब विचारा. मामाने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा कोण केलायस तू?”

“तुझा प्रमुख.”

“हा माझा प्रमुख नाही. हा सोपा शत्रू आहे. येतो, उभा राहतो, मरतो. त्याला दर सोमवारी वर उत्तर द्यावं लागतं, ते कुठंय यात? त्याने वळायचं ठरवलं तर वळायला वाट कुठंय?” मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, “तू पण त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केलास, पत्रकबाई.”

मी आजवर शेकडो पत्रकं लिहिली आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकात समोरचा माणूस असाच उभा आहे, हे मला त्या टपरीवर, मोडक्या बाकावर, गार झालेल्या चहापुढे कळलं. मामाने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, निर्दय वगैरे खोडलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक मागणी लिहिली: जुने मशालवाले काढून टाकू नयेत, सेटिंगमध्ये ठेवावेत. ज्याला हवे त्याने चालू करावेत. वर्षभर बघावं, किती जण करतात ते, आणि मग ठरवावं. म्हणजे प्रमुखांना वर सांगायला काहीतरी झालं, आणि कुणी हरलं असं झालं नाही. ते पत्रक घेऊन तो सहाव्या मजल्यावर परत गेला. बायकांना बूट आठ दिवसांत मिळाले. मशालवाल्यांना तीन आठवडे लागले.

आता ते तिथे आहेत. सेटिंग्जमध्ये अगदी तळाला, आवाज आणि भाषा यांच्याही खाली, ‘जुने मशालवाले’ अशी एक ओळ आहे, आणि ती मुळात बंद असते. येत्या दिवाळीच्या आधी ते आकडे पाहतील. फार कुणी चालू केलेली नसली तर ओळ जाईल आणि तिच्याबरोबर सगळं जाईल. मामाला मधल्या काळात दुसरं काम दिलंय. त्यात रंगीत फळं असतात, तीन एका ओळीत आली की फुटतात. पगार तोच आहे, लोक चांगले आहेत. मी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणाला, “बरं आहे. पण त्यात समोर कुणी नाही गं.” रस्ता ओलांडताना तो हल्ली माणसं मोजत नाही, पाच जमले तरी उतरतो. मंडईत लिंबूवाल्या मावशी मला विचारतात, साहेब दिसत नाहीत, लिंबं दुसरीकडून घेतात की काय.

त्याने स्वतः ती ओळ चालू केलेली नाही. घरच्या माणसाचं मत धरू नये म्हणतो. मामीने केली, मोबाइल माझ्याकडून शिकून घेऊन. आणि गेल्या रविवारी तिने मेथीची जुडी काढली, डबे खाली उतरवले, फरशीवर तिच्या बाजूला काळे वाटाणे मांडले, सात मोजून, आणि आत हाक मारली, “अहो, या. आज शत्रू मी.” मामा दारात बराच वेळ उभा होता. मग बसला. राजमा हातात घेऊन त्याने पहिली चाल केली ती माझ्या लहानपणी करायचा तशीच, समोरच्याला आधी नीट दिसेल अशी.

तर आता तुम्ही. घरात ज्याच्याकडे ‘धुरकोट’ असेल त्याच्याकडून मोबाइल मागून घ्या. सेटिंग्ज उघडा, तळापर्यंत जा, शेवटची ओळ चालू करा. मग पुलावर जा आणि लढा, मामाला मुद्दाम हरलेलं आवडत नाही. आणि जिंकत आलात, मशाली विझल्या, ते वाकून एकमेकांना उचलायला लागले, की घोडे जागेवर ठेवा. दोन चाली थांबा. त्यांना जाऊ द्या.